कर्ज फेडताना उमेद टिकत नाही? खान्देशातल्या घरांनी या चुका टाळा

कर्ज काढताना घरात जेवढी बैठक बसते, त्याच्या निम्मीही ते फेडताना बसत नाही. घराचा हप्ता, मोटारसायकलचा हप्ता, गहाण ठेवलेलं सोनं, बायकांच्या गटाचं कर्ज, सोसायटीचं पीककर्ज आणि बहिणीच्या लग्नात मामाकडून उसने घेतलेले पन्नास हजार. जळगाव-धुळ्याकडे एकाच घरावर हे सगळं एकदम असणं नवलाचं नाही. पहिले काही महिने माणूस जोमाने भरतो. मग पावसाळा लागतो, हात रिकामा होतो, एक हप्ता चुकतो आणि ‘व्हई जाई भो’ (होऊन जाईल रे) म्हणत वही कपाटात जाते. अशा घरांना लोक सरसकट उधळे म्हणतात. मला त्यात आखणीचीच चूक जास्त दिसते.

पगारदाराचं वेळापत्रक शेतीच्या घराला लावणं

सगळ्यात मोठी चूक हीच. ‘दर महिन्याला पाच हजार जास्तीचे भरायचे’ हा संकल्प भुसावळच्या रेल्वे नोकरदाराला जमतो. कपाशीवर चालणाऱ्या घराला तो जुलैतच मोडावा लागतो. जून-जुलैत बियाणं, खत, मजुरी आणि वर पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च एकदम अंगावर येतो, आणि कापसाचा पैसा वेचणी सुरू झाल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास दिसू लागतो. संकल्प दोनदा मोडला की माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो आणि पुढे प्रयत्नही सोडतो.

त्यापेक्षा हप्त्यांचे दोन भाग करा. बँकेचा ठरलेला हप्ता बारा महिने चालू ठेवायचा, आणि जास्तीची फेड फक्त पैसा येतो त्या महिन्यांत करायची. पहिला कापूस विकला की त्याच आठवड्यात पुढच्या चार महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात टाकून द्या. ज्या खात्यातून रोजचा खर्च चालतो त्यात ठेवलेत तर ते उरणार नाहीत. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना रक्कम ठरवणं आणखी अवघड, कारण भाव रोज बदलतो. तिथे रक्कम न ठरवता हिस्सा ठरवावा: प्रत्येक गाडीच्या पट्टीतून, म्हणजे माल विकून हातात येणाऱ्या पैशातून, अमुक हिस्सा कर्जाला. भाव पडला तर कमी जाईल, पण नेम मोडणार नाही.

वर्षाचा हिशोबही मार्च ते मार्च करायचा हट्ट नको. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होतं, जुने व्यवहार तेव्हाच मिटतात. घरच्या कर्जाची उजळणी आखाजीलाच ठेवा. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, सगळं घर एका जागी असतं.

‘तीनच टक्के आहे’ म्हणून महागडं कर्ज मागे ठेवणं

गावात ‘तीन टक्क्यांनी घेतले’ म्हणतात तेव्हा ते शेकडा तीन, दर महिन्याला असतं. वर्षाचे ३६ टक्के झाले. शेजारी बँकेचं ९ टक्क्यांचं कर्ज ‘नऊ’ असल्यामुळे जास्त वाटतं, आणि माणूस आधी तेच फेडायला धावतो. सगळी कर्जं एका पानावर लिहा आणि प्रत्येकासमोर वर्षाचा टक्का टाका.

क्रेडिट कार्डाचंही असंच. समजा ४०,००० थकलेत, व्याज महिना साडेतीन टक्के, आणि तुम्ही किमान रक्कम म्हणून २,००० भरले. त्यातले १,४०० व्याजात गेले, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे २५२ गेले. मुद्दल घटलं ३४८ रुपयांनी. दर महिन्याला दोन हजार भरूनही कर्ज हलत नाही असं वाटतं ते यामुळे.

दुकानदार किंवा फायनान्सवाला ‘फक्त १२ टक्के’ म्हणतो तेव्हा ते घटत्या शिलकेवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावरच आहे का, एवढं विचारा. एक लाखावर तीन वर्षांचं सरसकट १२ टक्के व्याज आधीच जोडून हप्ता काढला तर तो ३,७७८ येतो. घटत्या शिलकेच्या हिशोबाने तो दर २१ टक्क्यांवर जातो.

आधी कोणतं फेडायचं? हिशोबाने उत्तर एकच, जास्त व्याजाचं. पण दोन-तीन महिन्यांत संपेल असं एखादं लहान कर्ज असेल तर मी तेच आधी मिटवायला सांगेन. दारात येणारा एक माणूस कमी होतो, आणि त्याचा उमेदीवर होणारा परिणाम व्याजाच्या थोड्या फरकापेक्षा मोठा असतो. अट एकच: सुटलेला हप्ता पुढच्या कर्जाला लागला पाहिजे. आपल्याकडे एक हप्ता संपला की लगेच नवा मोबाइल हप्त्यावर येतो.

घरकर्जाची शिल्लक बघून खचणं

दहा लाख, ९ टक्के, वीस वर्षं. हप्ता साधारण ९,००० रुपये. पहिल्या हप्त्यातले ७,५०० नुसतं व्याज असतं. पाच वर्षांत तुम्ही सुमारे ५ लाख ४० हजार भरता आणि तरी शिल्लक दिसते ८ लाख ८७ हजारांच्या आसपास. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला बँकेने फसवलं असंच वाटतं. फसवलेलं नसतं, सुरुवातीची वर्षं व्याजच खातात. म्हणून या कर्जाची प्रगती शिलकेवर मोजू नका. वर्षातून एकदा एक हप्ता जास्तीचा भरला तर हेच कर्ज तीन-साडेतीन वर्षं आधी संपतं, आणि सुरुवातीच्या वर्षांत भरलेला जास्तीचा पैसा सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. बदलत्या व्याजदराचं घरकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा नियम आहे. व्याजदर वाढला की बँक पुष्कळदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते. त्याऐवजी हप्ता वाढवण्याचा पर्याय तुम्हाला मागता येतो, तो मागा.

व्याज भरलं म्हणजे कर्ज फेडलं असं समजणं

मार्चअखेर सोसायटीत नवं-जुनं होतं. सकाळी भरले, काही दिवसांत परत उचलले. पीककर्जाला हे चालतं, कारण तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं तर शेतकऱ्याला शून्य टक्के पडतं. घोळ तेव्हा होतो, जेव्हा हीच सवय सोन्याला लागते. दोन लाखांच्या तारणावर १० टक्क्यांनी वर्षाला २०,००० व्याज भरायचं आणि पाटल्या पुन्हा तिथेच ठेवायच्या. पाच वर्षांत एक लाख गेला, पाटल्या तिथेच. दर वेळी व्याजाबरोबर मुद्दलाचा थोडा तरी तुकडा तोडा. जमत नसेल तर एखादा दागिना विकून बाकीचे सोडवणं परवडतं. घरात रडारड होईल, पण जळगावच्या सराफ बाजारात सोनं परत घेता येतं.

गटाच्या कर्जात वेगळीच गंमत. एका गटाचं उचलून दुसऱ्याचं भरायचं, ही टोपी त्याच्या डोक्यावर. छोट्या गटकर्जांसाठी नियम आहे की घराच्या सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. कर्ज देणारा हे नीट तपासत नाही, तेव्हा तुम्हीच तपासा.

आणि माफीची वाट बघू नका. २०१७ ची आणि २०१९ ची राज्याची कर्जमाफी शेतीकर्जाची होती. मोटारसायकल, सोनं, गट, सावकार यातलं काही त्यात बसलं नाही. उलट २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवलं होतं. माफीच्या आशेवर थांबलेला माणूस घरचे बाकीचे हप्तेही ढिले सोडतो.

सगळी हौस बंद करणं

‘कर्ज फिटेपर्यंत काही नाही.’ हा निश्चय फार टिकत नाही आणि मोडतो तेव्हा जोरात मोडतो. श्रावणात कानबाईच्या सणाला रोट नाही, पाहुणे नाहीत, पोरांना जत्रा नाही, आणि मग एक दिवस चिडून सगळं घर हॉटेलात जाऊन महिन्याचा हप्ता उडवून येतं. थंडीत शेतातली भरीत पार्टी ठेवा की. बामणोदची हिरवी वांगी, काट्याकुट्यांच्या आगीत भाजलेली, बडगीत (लाकडी भांड्यात) कुटलेली मिरची, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि कळण्याची भाकर. चार घरांनी मिळून केलं तर एका घराला हॉटेलच्या एका ताटाएवढाही खर्च येत नाही. अशा चार-पाच गोष्टी वर्षाच्या आखणीत आधीच लिहून ठेवा. लग्नातला आहेर मात्र आताच ठरवून टाका, कारण आपल्याकडे लाजेखातर जाणारा पैसा हौसेच्या पैशापेक्षा जास्त असतो.

घरच्यांपासून लपवणं

यावर जास्त बोलायला नको. बायकोला किंवा थोरल्या मुलाला खरा आकडा माहीत नसेल तर ते काटकसर कशासाठी करतील? म्हाताऱ्या वडिलांना झोप लागणार नसेल तर त्यांना सोडा, बाकीच्यांना सांगा.

हप्ता चुकलाच तर

फोन बंद करू नका. बँकेत शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या: कारण, पैसा कधी येणार, तोवर किती भरू शकता. त्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, छोट्या गटकर्जाला तर ९ ते ६ हीच वेळ आहे. सावकार परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करत असेल तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. व्यवहाराची चिठ्ठी किंवा फोन-पेची नोंद असेल तर जपून ठेवा.

एक हप्ता चुकला म्हणून त्या वर्षाची आखणी फाडू नका. पुढच्या पट्टीतून तो आधी भरा, जास्तीची फेड त्यानंतर.

शेवटचा हप्ता भरून घरी निघून येणं

फेडल्याच्या आनंदात लोक कागद विसरतात. बेबाकी दाखला, म्हणजे काहीही बाकी नसल्याचा कागद, घ्या. तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं बँकेने ३० दिवसांत परत द्यायची असतात, उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायला तलाठ्याकडे किंवा महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन सेवेवर अर्ज करा आणि महिन्याभराने नवा उतारा काढून बघा. नंतर क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि फेडीची नोंद, काढा, तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. त्यात खातं बंद दिसत नसेल तर बेबाकी दाखला जोडून तिथेच तक्रार टाका.