सांस्कृतिक प्रसरणावर लिहिताना या चुका टाळा

सांस्कृतिक भूगोलाच्या उत्तरपत्रिकांत एक प्रकार हमखास दिसतो. प्रसरण म्हणजे एखादी गोष्ट किंवा कल्पना एका ठिकाणाहून दुसरीकडे पसरणं. त्याच्या स्थानांतरीय, संसर्गजन्य, श्रेणीबद्ध, उद्दीपित अशा सगळ्या प्रकारांच्या व्याख्या तोंडपाठ, आणि खाली उदाहरण काय, तर ‘उदा. पिझ्झा’. तो कोणी आणला, आधी कुठल्या शहरात पोचला, इथं आल्यावर त्याचं काय झालं, यावर अक्षर नाही. मार्क तिथेच कापले जातात. भूगोलात प्रकाराच्या नावाला फारशी किंमत नाही, वाटेला आहे.

एका गोष्टीला एकच प्रकार चिकटवणं

क्रिकेट घ्या. १७२१ साली खंबातजवळ ईस्ट इंडिया कंपनीचे खलाशी आपापसात क्रिकेट खेळल्याची नोंद आहे. माणसं आली, खेळ बरोबर आला आणि त्यांच्यातच राहिला. हे स्थानांतरीय प्रसरण. १८४८ मध्ये मुंबईच्या पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पारशांनीच का? व्यापारामुळे त्यांची इंग्रजांत ऊठबस होती, हातात पैसा होता आणि साहेबाच्या बरोबरीनं दिसण्याची हौसही होती. म्हणजे खेळ आधी वरच्या थरात शिरला, हे श्रेणीबद्ध. १८८६ मध्ये पारशांचा संघ इंग्लंडचा दौराही करून आला. मग हिंदू आणि मुसलमानांचे जिमखाने आले, आणि पुढे मैदानावरचा खेळ बघून पोरं गल्लीत खेळू लागली, ते संसर्गजन्य. खेळ एक, टप्पे तीन. उत्तरात टप्पा आणि साल लिहा, प्रकार आपोआप सिद्ध होतो.

उगमकेंद्र आणि आजचा बालेकिल्ला एकच मानणं

कॉफी इथियोपियाची, पण आज सर्वाधिक पिकते ब्राझीलमध्ये. हे सोपं आहे, कोणी चुकत नाही. बौद्ध धर्माशी आलं की गडबड होते. उगम बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशाच्या पट्ट्यात, पण २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात. मग विद्यार्थी लिहितो: ‘अजिंठा, कार्ले, भाजे येथील लेण्यांमुळे महाराष्ट्रात बौद्ध लोकसंख्या जास्त आहे.’ वाचायला छान वाटतं, पण साफ चूक आहे. लेणी आणि आजची लोकसंख्या यांच्यामध्ये कित्येक शतकांचा खंड आहे. आजच्या वितरणाचं कारण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह घेतलेली दीक्षा. नकाशावर दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणून एकीतून दुसरी जन्मली असं होत नाही.

घेणाऱ्याला मुका समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. ‘पोर्तुगीजांनी बटाटा आणला, भारतीयांनी तो स्वीकारला.’ बस, संपलं? स्वीकारला म्हणजे नेमका कुठे बसवला?

एकादशीचं ताट समोर आणा. साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची. बाजूला रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. यातलं एकूण एक पीक मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबसाच्या आधीच्या उपवासाला यातलं काही नव्हतं. (वरीचे तांदूळ तेवढे जुने.) आणि ज्यांची शेती इथं हजारो वर्षं होते, ते गहू आणि तांदूळ उपवासाला चालत नाहीत!

यात विसंगती नाही. उपवासाचा जुना नियम धान्य वर्ज्य करतो. कंद, दाणे, मिरची नवी आली, ती वर्ज्याच्या यादीत नव्हतीच, म्हणून फराळात सहज शिरली. नियम जुना, भरणा नवा. साबुदाण्याचा प्रवास तर बघण्यासारखा आहे. पूर्वी तो आग्नेय आशियातल्या साबूच्या ताडापासून व्हायचा आणि आयात व्हायचा. दक्षिण अमेरिकेतला कसावा हा कंद पोर्तुगीजांबरोबर केरळात आला आणि एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरच्या राजानं त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात आयात अडल्यावर तमिळनाडूत सेलमकडे त्याच कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आपण भिजत घालतो तो हा. एवढं एक उदाहरण नीट मांडलं तर पिझ्झाची गरजच उरत नाही.

परसंस्कृतिग्रहण आणि सात्मीकरण यांची सरमिसळ

परसंस्कृतिग्रहणात परक्यांचं घेऊनही आपली ओळख टिकते, सात्मीकरणात ती विरून जाते. तंजावर हा चांगला दाखला. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्याबरोबर मराठे तिकडे गेले. राज्य १८५५ मध्ये संपलं, तरी तिथली मराठी कुटुंबं घरात तमिळ वळणाची का होईना, मराठी बोलत राहिली. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, म्हणजे सांस्कृतिक भूदृश्याचा (माणसानं जागेवर उमटवलेल्या खुणांचा) पुरावाही हाताशी आहे. मात्र सांबार तंजावरच्या मराठ्यांनी शोधलं ही गोष्ट उत्तरात घालू नका. आख्यायिका आहे, पुरावा नाही.

उद्दीपित म्हणजे ‘थोडं बदललेलं’ नव्हे

इथे मूळ वस्तू नाही, तिची कल्पना प्रवास करते. अमेरिकेतल्या चेरोकी जमातीच्या सेक्वोयाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. गोरे लोक कागदावर खुणा करून बोलतात एवढं त्यानं पाहिलं आणि १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी संपूर्ण अक्षरमाला रचली. काही चिन्हं रोमन अक्षरांसारखी दिसतात, उच्चार मात्र वेगळेच.

‘हवामानामुळे अशी संस्कृती’

कोकणात पाऊस म्हणून भात, इथपर्यंत ठीक. पाऊस म्हणून दशावतार, असं लिहिलंत की तुम्ही निसर्गवादात, म्हणजे निसर्गच माणसाची संस्कृती ठरवतो या मतात, पाय घातलात. फ्रेंच भूगोलतज्ज्ञ विदाल द ला ब्लाशच्या संभववादानं (निसर्ग फक्त शक्यता देतो, निवड माणूस करतो) आणि पुढे १९२५ मध्ये अमेरिकन भूगोलतज्ज्ञ कार्ल सॉअरनं मांडलेल्या सांस्कृतिक भूदृश्याच्या कल्पनेनं ती वाट कधीच बंद केली.

राहिला नकाशा. बाण सगळे काढतात, अडथळे कोणी दाखवत नाही. १९५३ मध्ये स्वीडनचा भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रांड यानं शेतीतल्या नव्या पद्धती कशा पसरतात ते मांडलं, तेव्हा त्याच्या मांडणीत अडथळ्यांनाही जागा होती. सह्याद्री, समुद्र, भाषा, जात, धर्माचा निषेध, जे लागू असेल ते तुटक रेषेनं दाखवा आणि प्रत्येक बाणावर साल घाला.