वरचा शॉट नेमका कुठे आहे?

गेल्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका मुलीचा फोन आला. मेकॅनिकल झालेली, वायरलाइन सेवा देणाऱ्या, म्हणजे तेलविहिरीत केबलनं उपकरणं सोडणाऱ्या, एका कंपनीचं नेमणूकपत्र हातात, आणि विभाग परफोरेशनचा, म्हणजे विहिरीच्या पोलादी नळाला स्फोटकांनी भोकं पाडण्याचा. "ताई, आई म्हणते, स्फोटकांची नोकरी कशाला? दुसरं काही मिळेल की. तुम्ही इतकी वर्षं केलीत. घेऊ का?" तिच्याशी तासभर बोलले, तरी निम्मं राहिलंच. राहिलेलं आणि बोललेलं दोन्ही इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न विचारणारी ती एकटी नाही.

तिच्या आईची भीती मला परकी नाही. आमचं घर दादरचं. १२ मार्च १९९३ ला प्लाझा सिनेमापाशी स्फोट झाला, तेव्हा बाबा कामावरून परतायच्या वाटेवर होते. त्यामुळे मी पहिल्यांदा घरी सांगितलं की भोक पाडणाऱ्या आमच्या चार्जमध्ये आरडीएक्स हे स्फोटक असतं, तेव्हा जेवणाच्या ताटावर सगळे गप्प झाले. मुंबईत हा शब्द सहज उच्चारता येत नाही, येऊही नये. पण कामाला येणाऱ्यानं एवढं समजून घ्यावं: आरडीएक्स हे दुय्यम स्फोटक आहे. ते आपण होऊन उडत नाही, त्याला उठवायला डेटोनेटर लागतो. डेटोनेटरच्या आत जे थोडंसं प्राथमिक स्फोटक असतं, ते मात्र अतिशय हळवं. घर्षण, धक्का, ठिणगी, भलतीकडून आलेला वीजप्रवाह, यातलं काहीही त्याला पुरतं. आमच्या सगळ्या नियमांचं मूळ या फरकात आहे. डेटोनेटर आणि चार्ज कधीच एका पेटीत ठेवायचे नाहीत, आणि डेटोनेटर गनला, म्हणजे चार्ज भरलेल्या नळीला, अगदी शेवटी जोडायचा.

आता काम काय ते. विहीर खोदून झाली की आत केसिंग, म्हणजे पोलादी पाइपांची लांब नळी, उतरवतात आणि केसिंग नि खडक यांच्या मधल्या फटीत सिमेंट भरतात. या टप्प्याला विहीर म्हणजे चहूबाजूंनी बंद असलेली नळी. तेल बाहेर खडकात, आपण आत. केसिंग, सिमेंट आणि पुढचा थोडा खडक एका दमात भेदून वाट काढायची, ती गननं.

हे काम आधी खरोखरच्या गोळ्यांनी व्हायचं. १९३२ साली कॅलिफोर्नियात केसिंगच्या आतून पोलादी गोळ्या झाडून पहिल्यांदा भोकं पाडली गेली. आजची गन मात्र वेगळ्या तत्त्वावर चालते. स्फोटकाला पोकळ आकार दिला की त्याचा जोर एका दिशेला एकवटतो, हे चार्ल्स मन्रो यांनी १८८८ मध्ये दाखवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांविरुद्धच्या शस्त्रांत ते वापरलं गेलं आणि युद्धानंतर तेलविहिरींत आलं. आम्ही त्याला शेप्ड चार्ज म्हणतो.

चार्ज हातात घेतला तर मुठीत मावतो. बाहेर पोलादाची वाटी, तिच्यात दाबून भरलेलं २० ते ४० ग्रॅम स्फोटक, आणि त्यावर तांब्याच्या दाबलेल्या भुकटीचा शंकू, म्हणजे लायनर. तांब्यात बऱ्याचदा टंगस्टनसारखी जड भुकटीही मिसळलेली असते. मागून स्फोट झाला की शंकू स्वतःवर कोसळतो आणि त्याची बारीक धार पुढे सुटते. धारेच्या टोकाचा वेग सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त. म्हणजे दादरहून चर्चगेट दीड सेकंदात. मुलाखतीत हमखास विचारतात, केसिंग वितळतं का? नाही. धारेचा दाब इतका प्रचंड असतो की त्यापुढे पोलाद बाजूला सारलं जातं. वितळायला वेळच मिळत नाही. आणि शंकू भुकटीचाच का? सलग पत्र्याचा असला तर मागे गोळा उरतो आणि पाडलेल्या भोकातच जाऊन बसतो. भुकटीचा शंकू तो गोळा सोडत नाही.

हे चार्ज एका नळीत ठरलेल्या कोनांवर बसवतात आणि प्रत्येकाच्या पाठीवरून डेटोनेटिंग कॉर्ड नेतात. त्या कॉर्डला सगळे डेटकॉर्ड म्हणतात. ही नळी जाड पोलादी कॅरियरमध्ये सरकवायची. कॅरियरवर जागोजाग वाटीसारखे खळगे कोरलेले असतात, त्यांना स्कॅलप म्हणतात. प्रत्येक चार्जचं तोंड बरोबर खळग्यासमोर यायला हवं. चार्ज सुटताना कॅरियरच्या भोकाच्या कडा बाहेर वळतात. त्या खळग्यातच राहिल्या तर गन वर येताना अडकत नाही. चार्ज फिरून बसला तर धारेचा जोर जाड पोलादात वाया जातो आणि कडाही बाहेर येतात.

गन भरायचं हे काम लोडिंग शॉपमध्ये चालतं. पहिलं वर्ष तुमचं बहुतेक तिथेच जाईल. काही जण कंटाळतात, पण मला ते वर्ष सगळ्यात जास्त शिकवून गेलं. डेटकॉर्ड नेमक्या हत्यारानं, ठरलेल्या फळीवर, एका घावात कापायची. कापलेल्या टोकातून भुकटी सांडली तर स्फोटाची साखळी तिथेच तुटू शकते. गनच्या सांध्यातून पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी म्हणजे ओ-रिंग. तिच्यावर ग्रीस लावताना उजेडात धरून पाहायचं, एखादा केस किंवा हातमोज्याचा धागा चिकटलेला नाही ना. खाली शेकडो बार दाब असतो, एवढ्याशा धाग्याच्या वाटेनंही पाणी आत शिरतं. पाणी भरलेली गन उडवली तर कॅरियर फुगतो, फाटतो आणि विहिरीत अडकतो. म्हणून असे डेटोनेटर येतात की आत द्रव शिरला तर ते पुढे स्फोट पोचवतच नाहीत. पण त्याच्या भरवशावर ओ-रिंग बघायचं सोडू नका.

आणि मोजणी. किती चार्ज घेतले, किती भरले, किती परत ठेवले, डेटकॉर्ड किती मीटर कापली, तुकडे किती उरले, हे सगळं वहीत. स्फोटकांचे परवाने पेसो ही केंद्र सरकारची संस्था देते, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. एका चार्जचा हिशेब लागला नाही तर त्या दिवशी कोणी घरी जात नाही, आणि जाऊही नये. १९९३ पाहिलेल्या शहरात हा हिशेब आपण कोणाला देणं लागतो, ते मला वेगळं सांगावं लागू नये.

कुठली गन कधी, हे पुस्तकातून कळतं, त्यामुळे थोडक्यात लिहिते. खोल शिरणारे चार्ज बारीक भोक पाडतात, साधारण ८ ते १० मिलिमीटरचं. मोठ्या भोकाचे चार्ज कमी खोल जातात पण २० मिलिमीटरच्या पुढचं भोक देतात. वाळू सुटणाऱ्या खडकात ते कामी येतात. एका फुटात ४, ६ किंवा १२ शॉट, म्हणजे तितकी भोकं, आणि ते ६०, ९० असे अंशांनी फिरवलेले. तापमानाचा तक्ता मात्र पाठ करा. आरडीएक्स तासाभरासाठी सुमारे १७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, एचएमएक्स आणि एचएनएस ही दुसरी स्फोटकं अनुक्रमे २०० आणि २६० पर्यंत. गन जास्त वेळ खाली राहणार असेल तर हे आकडे बरेच खाली येतात. नवे लोक नेमका हा वेळाचा रकाना विसरतात.

मुंबईचा समुद्र. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' रिगनं तिथे तेल शोधलं आणि १९७६ पासून उत्पादन सुरू आहे. तिथला मुख्य साठा चुनखडकात आहे, त्यामुळे परफोरेशननंतर अनेकदा आम्ल सोडून वाट मोकळी करतात. तिकडे जायचं जुहूहून हेलिकॉप्टरनं. त्याआधी पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचं प्रशिक्षण सक्तीचं. पोहता येत नसेल तर आत्तापासून शिका, नुसत्या सर्टिफिकेटसाठी नव्हे. पावसाळ्यात हवा बिघडली की उड्डाणं रद्द होतात. गणपतीला घरी पोचेन असं कोणाला कबूल करू नका. मुलींनी आपल्या मापाचे कव्हरऑल आणि बूट आधीच हट्टानं मागून घ्यावेत. ढगळ बाही विंचजवळ धोक्याची असते, दुमडून भागत नाही.

आता आर्मिंग, म्हणजे भरलेल्या गनला डेटोनेटर जोडणं. हा भाग सावकाश वाचा. वायरलाइन युनिटचा फायरिंगचा पुरवठा बंद, किल्ली काढून इंजिनिअरच्या खिशात. कंट्रोल रूमकडून रेडिओ सायलेन्सची, म्हणजे सगळे रेडिओ बंद ठेवण्याची, परवानगी, वेल्डिंग थांबलेलं, जवळच्या बोटींना कळवलेलं. विजांचं वादळ दिसत असेल तर काम सुरूच करायचं नाही. मग रिग, केसिंग आणि केबलची चिलखती तार यांच्यात भरकटलेलं व्होल्टेज आहे का ते मोजायचं. ०.२५ व्होल्टच्या वर दिसलं तर कारण सापडेपर्यंत थांबायचं. डेटोनेटर जाड सुरक्षा नळीत ठेवून त्याचा रोध फक्त त्यासाठीच्या मीटरनं तपासायचा, साध्या मल्टिमीटरनं कधीच नाही. तो सुरक्षा नळीत असतानाच आधी विजेची जोडणी, आणि मग डेटकॉर्डशी. उलट काढताना आधी डेटकॉर्ड सोडवायची, मग वीज. या वेळी गनच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. गन समुद्रतळाच्या ६०-७० मीटर खाली गेली की मगच पुरवठा सुरू. हल्ली रेडिओलहरींना न जुमानणारे डेटोनेटर आले आहेत, त्यांना रेडिओ सायलेन्स लागत नाही. पण बाकीचा क्रम तोच, एकही पायरी गळत नाही.

हे सगळं नवखा माणूस धास्तीपोटी नीट शिकतो. ज्याची धास्ती वाटत नाही ती गोष्ट म्हणजे खोली.

केबल ताणली जाते, मोजणारं चाक घसरतं, त्यामुळे दोन हजार मीटरवर नुसत्या काउंटरवर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून गनच्या वर सीसीएल, म्हणजे केसिंग कॉलर लोकेटर, लावतात. केसिंगचे दोन पाइप जिथे जोडलेले असतात ती कॉलर आली की तो खूण दाखवतो. पण सगळ्या कॉलर सारख्याच. मध्ये मुद्दाम बसवलेला एखादा आखूड पाइप असेल तर आपण नेमके कुठे आहोत ते कळतं. डुलकी लागल्यावर लोकलमध्ये एखादं ओळखीचं स्टेशन दिसावं, तसं. ही खूण आधीच्या गॅमा-रे लॉगशी, म्हणजे खडकांच्या किरणोत्साराच्या खोलीवार नोंदीशी, जुळवायची, आणि शेवटचं थांबणं नेहमी वर ओढता ओढता, म्हणजे केबल ताठ असते.

मग एक वजाबाकी. समजा वरचा शॉट १,८४२ मीटरवर हवा आणि सीसीएलपासून पहिल्या चार्जपर्यंत ३.६५ मीटर. तर सीसीएल १,८३८.३५ वर थांबवायचा. चौथीतलं पोरही करील. माझ्या दुसऱ्या वर्षी मी इथेच चुकले. मी कागदावर ३.२० लिहिलं होतं. ते अंतर गनच्या वरच्या टोकापर्यंतचं होतं. टोकापासून पहिल्या चार्जपर्यंतची ४५ सेंटिमीटरची रिकामी जागा मी धरलीच नव्हती. रात्रीचे अडीच वाजले होते, कंपनी मॅनची, म्हणजे विहीर ज्यांची त्या कंपनीच्या रिगवरच्या माणसाची, सही झालेली होती. उरणचे एक ऑपरेटर होते, माझ्या बाबांच्या वयाचे. त्यांनी गन डेकवर असतानाच टेप लावला आणि हळूच विचारलं, "मॅडम, तुमचा पहिला चार्ज कुठंय?" मी बोट दाखवलं, आणि बोट दाखवतानाच मला कळलं. त्या थराच्या तळाशी, थोड्याच अंतरावर पाणी होतं. तशीच गन उडवली असती तर शॉट ४५ सेंटिमीटर खाली, पाण्याच्या दिशेनं सरकले असते. केसिंगला पडलेलं भोक परत घेता येत नाही. बुजवायचं तर पुन्हा सिमेंट, पुन्हा रिगचे दिवस.

काकांनी ते चारचौघांत सांगितलं नाही. मी सांगितलं. कंपनी मॅनकडे जाऊन कागद बदलला, नवी सही घेतली. तेव्हापासून मी गनचं चित्र काढल्याशिवाय वजाबाकी करत नाही, आणि टेपचं दुसरं टोक दुसऱ्याच माणसाच्या हातात देते.

उडवण्याचा क्षण, ज्याची सगळ्यांना उत्सुकता असते, तो तसा शांत असतो. वर आवाज येत नाही. करंटचा काटा पडतो, सीसीएलच्या रेषेवर एक उसळी, केबलच्या ताणात बारीकसा हिसका. कधी काहीच दिसत नाही. काही दिसलं नाही तर गन भरलेली आहे असंच समजायचं आणि आर्मिंगचे सगळे नियम वर येतानाही पाळायचे. सुटलेल्या गनमध्येही दाब कोंडलेला असू शकतो. तो सोडल्याशिवाय ती खोलायची नाही. माझ्या पाहण्यात लोक भरलेल्या गनशी जपून वागतात आणि रिकाम्या गनशी बेफिकीर.

लांब किंवा आडव्या विहिरीत गन केबलऐवजी ट्युबिंगच्या टोकाला बांधून नेतात, त्याला टीसीपी म्हणतात. वरून दांडा सोडून किंवा दाब वाढवून ती उडवतात. हे तुम्हाला दोन-तीन वर्षांनी भेटेल.

शिक्षणाचं विचाराल तर मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, पेट्रोलियम, सगळे चालतात. भूभौतिकी केलेल्यांना, उदाहरणार्थ पवईच्या आयआयटीतून आलेल्यांना, लॉग वाचायला सोपं जातं. ओएनजीसीत जायचं असेल तर गेटची तयारी करा. सेवा कंपन्या थेट मुलाखती घेतात आणि नंतर स्वतः शिकवतात. डिप्लोमा किंवा आयटीआय करून ऑपरेटर म्हणून आलेल्यांना इंजिनिअरनं कमी लेखू नये. माझी विहीर त्यांच्यातल्याच एकानं वाचवली.

डोंबिवलीच्या मुलीनं होकार कळवला आहे. परवा तिचा मेसेज आला, पहिल्या दिवशी काय आणू? मी तिला लिहिलं: हातमोजे, गॉगल, हेल्मेट ते देतील. तू एक जाड वही आण आणि पाच मीटरचा चांगला स्टील टेप. आणि आईला माझा नंबर दे, तिच्याशी मी बोलते.