रानाच्या कुंपणाचे सिमेंट पोल घरी कसे पाडायचे

आमच्या यार्डावर पोल बघायला आलेला माणूस ट्रॅक्टरवरनं उतरायच्या आधीच विचारतो, "वहिनी, आत सळई किती?" चार, असं सांगितलं की त्याचं समाधान होतं. पाणी किती घातलं आणि नंतर किती दिवस मारलं, हे कुणी विचारत नाही. तासगाव तालुक्यात बांधाबांधावर मोडून पडलेले पोल बघा. सळई शाबूत असते, तिच्याभोवतीचं काँक्रीटच भुगा झालेलं असतं. म्हणून या लेखात सळईपेक्षा पाण्याचीच बडबड जास्त आहे.

म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून आमच्याकडं कुंपणाला मागणी वाढली. पूर्वी बाभळीची कुपाटी, घायपात, निवडुंग यांवर भागायचं. आता बाग म्हटली की पोल आणि तार आलीच. शे-दोनशे पोल लागणार असतील आणि घरचे दोन गडी मोकळे असतील तर स्वतः पाडणं परवडतं. तीस-चाळीसच हवे असतील तर साच्याचाच खर्च निघत नाही, सरळ विकत घ्या. आणि कुणी आपले पोल प्रीस्ट्रेस आहेत म्हणालं तर तार ताणायची सोय कुठं आहे ते विचारा. त्या पोलात लांबच लांब बेडवर जास्त ताकदीची तार आधी मशीनने ताणतात, काँक्रीट घट्ट झाल्यावर सोडतात. अंगणात ते होत नाही. आपण करणार तो साधा सळईचा पोल, आणि तो नीट केला तर बागेला पुरून उरतो.

माप धरू ७ फूट उंच, ४ इंच बाय ४ इंच. दोन फूट जमिनीत, पाच फूट वर. असा एक पोल साधारण ५३ किलो भरतो. सिमेंटच्या एका पोत्यात साडेपाचच्या आसपास पोल होतात. कुणी पोत्याला दहा काढतो असं सांगत असेल तर तो सिमेंट कुठं वाचवतोय हे तुम्हीच ओळखा.

साच्यासाठी फार डोकं लावू नका. ४ इंची लोखंडी चॅनल घ्या, सात फुटांचे तुकडे करा. सपाट कोब्यावर दोन चॅनल ४ इंच अंतरावर उभे ठेवायचे, पाठीची सपाट बाजू आत आणि कडा बाहेर. दोन्ही टोकांना पट्टी, वरनं क्लॅम्प. कोब्यावर जाड प्लास्टिक कागद अंथरायचा. बाजूचे चॅनल दुसऱ्या दिवशी सोडवून घेतले की पोल तिथंच पडून राहतो, त्याला हलवावं लागत नाही. बंद तळाचा साचा उलटा करून पोल काढताना कच्च्या पोलाला जो हिसका बसतो, तो इथं टळतो. कोबा मात्र लेव्हलमध्ये हवा. कोबा वाकडा तर पोलही वाकडा, आणि वाकडा पोल तारेच्या ओळीत लांबनंच दिसतो.

तारेची भोकं आधीच ठरवा. पाच ओळी तार असेल तर खालच्या ओळी जवळ जवळ घ्या, कारण शेळी आणि डुक्कर खालनंच शिरतात. चॅनलला १० एमएमची भोकं पाडून त्यात ८ एमएमचा साधा गज तेल लावून आरपार घालायचा. काँक्रीट ओतल्यावर तासाभराने प्रत्येक गज थोडा फिरवायचा, आणि माल आवळल्यावर फिरवत फिरवत ओढून काढायचा. फिरवायचं राहिलं तर तो गज पोलातच राहतो, मग हातोडा लागतो आणि पोल फुटतो.

साच्याला तेल लावायचं ते सळई ठेवण्याआधी, आणि फडक्याने पुसून पातळ. गॅरेजमधलं जळकं ऑइल सगळेच वापरतात, पण त्याचे पोलावर काळे डाग उठतात. मुख्य म्हणजे सळईला तेलाचा हात लागू देऊ नका. तेलकट सळई काँक्रीटला धरत नाही, नुसती आत पडून राहते.

सळई ६ एमएमची चार. प्रत्येक तुकडा ६ फूट १० इंच, म्हणजे दोन्ही टोकांना २५ एमएम काँक्रीट राहतं. दर आठ इंचांवर ३ किंवा ४ एमएम तारेची रिंग आणि बाइंडिंग तारेने गाठ. रिंग बाहेरून ६० एमएमची चौकोनी ठेवली की चारी बाजूंना २० एमएम अंतर बसतं. एका पोलाला साधारण १.८५ किलो सळई लागते. ८ एमएम घेतली तर तीच ३.३ किलो होते, आणि मधल्या पोलांना एवढी गरज नसते. कोपऱ्याच्या आणि ताण घेणाऱ्या पोलांना मात्र ८ एमएमच घाला.

त्या २० एमएमला कव्हर म्हणतात. सळईचा सांगाडा नुसता साच्यात टाकला तर तो तळाला बसतो आणि एका बाजूला सळई उघडी पडते. आधी सिमेंट-वाळूचे २० एमएम जाडीचे छोटे ठोकळे पाडून ठेवा, त्यात तार खोवून ठेवा, आणि सांगाड्याला दर दोन-अडीच फुटांवर बांधा. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. जुन्या पोलावर सरळ उभी चीर दिसली की तिच्या मागं सळई आहे, हे उकरून न बघताही सांगता येतं.

आता माल. सिमेंट एक भाग, वाळू दीड, खडी तीन. घमेल्याने मोजू नका. एक जण घमेलं शिगोशीग भरतो, दुसरा अर्धं, आणि दुपारनंतर तर सगळेच अर्धं भरतात. एक लाकडी पेटी करा, आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २५ उंच. ती ३५ लिटरची होते, म्हणजे ५० किलोच्या एका पोत्यातल्या सिमेंटएवढी. एका पोत्याला वाळूच्या दीड पेट्या, खडीच्या तीन. पेटी भरून वरनं पट्टी ओढायची, दाबायचं नाही. वाळू ओली असेल तर ती फुगलेली असते आणि मापात कमी भरते. तेव्हा दीडऐवजी पावणेदोन पेट्या टाका आणि पाणी कमी करा.

खडी १० एमएमची, आमच्याकडं तिला ग्रीट म्हणतात. घराच्या स्लॅबची २० एमएमची उरली म्हणून तीच वापरू नका. सळई आणि साचा यांच्यात जागाच २० एमएमची. मोठा खडा तिथं अडकतो, खाली पोकळी राहते, आणि चॅनल काढल्यावर पोलाच्या कडेला मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. वरनं सिमेंटचा हात फिरवून ती झाकता येते, पण झाकलेला पोल मला तरी कुणाच्या गळ्यात मारवत नाही.

नदीची वाळू आता सहजी मिळत नाही, दगड फोडून केलेली क्रश सँडच वापरतो. धुतलेली घ्या. धूळ जास्त असली की ती पाणी पिते, माल कोरडा वाटतो, मग गडी पाणी वाढवतो. घरी तपासायला काचेची सरळ बाटली पुरते. वाळू, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर खालच्या वाळूच्या ८ टक्क्यांच्या आत हवा. म्हणजे १० सेंटिमीटर वाळूवर ८ एमएमपर्यंत. जास्त भरला तर ती वाळू परत पाठवा किंवा धुवा.

सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, चालतं. पोत्यावर कोणत्या आठवड्यात तयार झालं ते छापलेलं असतं, तीन महिन्यांवरचं घेऊ नका. गाठी बोटाने न फुटणाऱ्या असतील तर ते पोतं बाजूला.

आणि पाणी. एका पोत्याला २५ लिटर, वाळू कोरडी असताना. पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन ठेवा, पाच कॅन मोजून. पाइप मिक्सरमध्ये सोडून अंदाजाने पाणी घालणाऱ्याला मी त्या कामावर ठेवत नाही. माल ओतायला सैल हवा असतो, मग "जरा वतू का?" असं चालू होतं. त्या जादाच्या पाण्याने काम सोपं होतं, पण ते पाणी वाळलं की मागं बारीक बारीक छिद्रं राहतात, आणि त्या वाटेनं ओल सळईपर्यंत जाते. मूठभर माल दाबला तर त्याचा गोळा टिकला पाहिजे, बोटांमधून पाणी गळता कामा नये. असा माल घट्ट वाटतो, पण व्हायब्रेटर लागला की तो साच्यात बरोबर बसतो. २५ एमएमची नीडल, म्हणजे व्हायब्रेटरची मालात बुडवायची नळी, भाड्याने मिळते. पोलाच्या लांबीत थोड्या थोड्या अंतरावर सरळ बुडवायची, बुडबुडे थांबले की हळू ओढायची. एकाच जागी धरून ठेवली तर खडी खाली आणि पाणी वर येतं. नीडल नसेल तर १२ एमएमचा गज घेऊन थरा-थराने कोचा, आणि चॅनलवर बाहेरून लाकडी हातोडीने ठोका. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपवायचा. चहा पिऊन आल्यावर घट्ट झालेल्या मालात पाणी टाकून पुन्हा कालवणं म्हणजे ते पोतं वाया घालवणं. त्यामुळं एका वेळी एकच पोतं कालवा.

उन्हाळ्यात दुपारी पोल पाडू नका. मार्च ते मे आम्ही सकाळी लवकर किंवा चारनंतर काम धरतो, आणि वरचा भाग थापीने सारखा झाला की लगेच ओलं गोणपाट टाकतो. आटपाडी, जत, माण, खटाव भागात वारा इतका कोरडा असतो की तासाभरात वरनं बारीक चिरा दिसतात. थंडीत पीपीसीचा पोल दुसऱ्या दिवशी सकाळी सोडवायची घाई करू नका, दुपारपर्यंत थांबा.

चॅनल काढले की खरं काम सुरू होतं, आणि नेमकं तिथंच सगळे हात झटकतात. निदान दहा दिवस पोल ओला राहिला पाहिजे, उन्हाळ्यात चौदा. दिवसातनं दोनदा पाइप मारला आणि मधे वाळला, असं नाही. वरचं गोणपाट हाताला कायम ओलं लागलं पाहिजे. तीन दिवसांनी पोल उचलण्याइतका होतो, तेव्हा हौद असेल तर त्यात बुडवा. विटांचा कट्टा करून आत ताडपत्री टाकली तरी हौद होतो. पिण्याजोगं पाणी कालवायलाही चालतं आणि मारायलाही. खारं बोअरचं पाणी मात्र दोन्हीला नको, कारण त्यातलं मीठ सळई गंजवतं.

उचलताना दोन माणसं, दोन्ही टोकांपासून दीड-दीड फूट आत धरायचं. मधोमध एकट्याने उचलू नका, आणि शेंड्याला धरून फरफटत नेऊ नका. रचताना खाली दोन फळ्या, त्याही त्याच दीड फुटांवर, आणि वरच्या थराच्या फळ्या खालच्यांच्या बरोबर वर. ट्रॉलीतनं पोल ढकलून उतरवायची सवय आहे लोकांची. केसासारखी चीर पडते, त्या दिवशी दिसत नाही, दोन पावसाळ्यांनी दिसते.

पाडल्यापासून २८ दिवस झाल्याशिवाय तारेचा ताण देऊ नका. विकत घेत असाल तर एक पोल सहा फुटांवर दोन आधारांवर आडवा ठेवा आणि मध्यावर सावकाश उभे राहा. उडी नको. चीर पडली तर दुसरीकडं बघा.

मिरज, पलूस, वाळवा भागातल्या क्षारपड रानाचं वेगळं. तिथं पोल शेंड्याला मोडत नाही, जमिनीपासून वीतभर वर मोडतो. खारी ओल पोलातनं वर चढते, वाऱ्याला वाळते, आणि मीठ नेमकं त्या पट्ट्यात साठून काँक्रीट पापुद्र्या-पापुद्र्याने सोडवतं. पांढरी कड दिसली की समजायचं. अशा रानाला स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून घातलेलं) किंवा पीपीसी, पाणी २५ लिटरच्याही खाली, आणि पूर्ण वाळलेल्या पोलाच्या खालच्या तीन फुटांना डांबराचे दोन हात.

रोवायच्या आधी मोजणी करून घ्या. बांध सहा इंच सरकला म्हणून भाऊबंद कोर्टात गेलेले सगळ्यांनीच बघितलेत. मग दोरी लावून आठ ते दहा फुटांवर खड्डे, दोन फूट खोल. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पोल हलतो, म्हणून तिथं मुरूम लागेपर्यंत खोल जा, आणि निघालेली काळी माती परत खड्ड्यात ढकलू नका. मुरूम आणि दगड थरा-थराने कुटून भरा. कोपऱ्याच्या पोलाला दोन्ही ओळींच्या दिशेने दोन तिरके टेकू, आणि साधारण दर शंभर फुटांवर एका पोलाला टेकू. या पोलांच्या खड्ड्यात काँक्रीट भरा आणि निदान आठवडाभर तारेला हात लावू नका. शिराळ्याकडं चांदोलीच्या अंगाला कुंपण करणाऱ्यांना एक सांगते. रानडुकराला ही तार अडवते, गव्याला नाही. त्यासाठी जास्त खर्च करून जाड पोल घालू नका.

तार पोलाच्या कुठल्या बाजूला बांधायची, हे जनावर कुठनं रेटणार त्यावर ठरतं. बाहेरच्या गुरांसाठी कुंपण असेल तर तार बाहेरच्या अंगाला, म्हणजे धक्का पोलावर येतो. गोठ्याभोवती, आतल्या जनावरांसाठी असेल तर आतल्या अंगाला. उलट बांधली की सगळा जोर भोकातल्या बाइंडिंग तारेवर येतो, आणि ती पहिल्याच बैलाला तुटते.