ठरावीक उत्पन्नात औषधपाण्याचा खर्च कसा भागवावा : गोव्यातील ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी

आजारपणाचा खर्च म्हटला की शस्त्रक्रियेचे बिल डोळ्यांसमोर येते. परंतु ज्या घराला गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दरमहा 2,000 रुपये किंवा ईपीएस-95 चे (कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे) किमान 1,000 रुपये निवृत्तिवेतन एवढाच आधार असतो, ते घर बहुधा दर महिन्याच्या औषधांनीच मेटाकुटीला येते. सरकारी विमा योजना मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्यावर कामी येतात आणि रोजच्या गोळ्यांचा भार उचलत नाहीत. म्हणून या दोन खर्चांची तजवीज वेगवेगळी करावी आणि सुरुवात गोळ्यांपासून करावी.

घरातील सर्व औषधे एकत्र मांडून प्रत्येक पाकिटावरील बारीक अक्षरे वाचावीत. ठळक छापलेले नाव कंपनीचे असते; त्याच्या जवळच मेटफॉर्मिन 500, अ‍ॅम्लोडिपिन 5 किंवा टेल्मिसार्टन 40 असे मूळ औषधाचे नाव आणि मात्रा असते. ही नावे कागदावर उतरवून डॉक्टरांना दाखवावीत आणि कोणते औषध आता बंद करता येईल व कोणते जनऔषधी केंद्रातून (स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतील दुकानातून) घेतलेले चालेल, हे स्पष्ट विचारावे. दोन डॉक्टरांनी निरनिराळ्या नावांनी लिहून दिलेले एकच औषध रुग्ण दुहेरी घेत असेल, तर तेही या यादीतून उघड होते. जनऔषधी केंद्रातील औषधे नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा साधारण 50 ते 90 टक्के स्वस्त असतात. मात्र नावापुढे ‘एसआर’ (शरीरात हळूहळू विरघळणारी गोळी) असेल तर त्याऐवजी साधी गोळी घेऊ नये, आणि फिट्स, थायरॉईड किंवा रक्त पातळ करण्याचे औषध डॉक्टरांना न विचारता बदलू नये. काटकसर म्हणून एक दिवसाआड गोळी घेणे तर कदापि नको, कारण रक्तदाबाची औषधे चुकवल्याने ओढवणारा पक्षाघात कोणत्याही घराला परवडत नाही.

काणकोण किंवा वाळपईहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) टॅक्सीने जाण्यायेण्यातच महिन्याच्या पैशांचा मोठा वाटा संपतो, आणि चाकाच्या खुर्चीवरील माणसाला बसचा पर्यायही उरत नाही. त्यामुळे रक्तदाब व साखरेची नेहमीची तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रात करून घ्यावी, आणि गोमेकॉत दोन विभागांत दाखवायचे असेल तर शक्यतो एकाच दिवसाची तारीख मागावी.

दाखल होण्याच्या खर्चासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू स्थितीत ठेवावे. गोव्यात किमान 5 वर्षे राहिलेल्या कुटुंबांसाठी असलेल्या या योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे, तर त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाखांचे संरक्षण मिळते. वयाची 70 वर्षे पूर्ण झालेल्यांनी आधारच्या मदतीने केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचे आयुष्मान वय वंदना कार्डही काढावे. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि संरक्षण वर्षाला 5 लाखांचे आहे. दाखल होण्याआधी इस्पितळ योजनेच्या यादीत आहे का आणि नेमका तोच उपचार तिथे मंजूर आहे का, हे योजनेच्या खिडकीवर विचारावे. आयुष्मान योजनेत घरी सोडल्यानंतरच्या 15 दिवसांची औषधेही धरलेली असतात. ती हक्काने मागावीत.

दिव्यांगांनी यूडीआयडी कार्डाला (दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राला) प्राधान्य द्यावे, कारण बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. तिचे संरक्षण 1 लाखाचेच असले तरी दाखल न होता घेतलेले उपचार आणि थेरपी तिच्यात मर्यादेपर्यंत बसतात, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा उपयोग आहे.

खासगी आरोग्य विमा असल्यास हप्ता वाढला म्हणून तो घाईने सोडू नये. नव्या विम्यात जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांहून अधिक वाढवण्याआधी कंपनीने विमा नियामकाशी सल्लामसलत करणे बंधनकारक आहे, त्यामुळे वाढ त्यापुढे गेली असेल तर लेखी तक्रार करावी. कार्डांविषयी अडचण आल्यास आयुष्मानसाठी 14555 आणि ज्येष्ठांच्या इतर प्रश्नांसाठी 14567 या क्रमांकावर विचारता येते.