एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकत असल्यास

गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा साधा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. एलईडी त्याहून कितीतरी कमी घेत असल्यामुळे फ्लॅशर रिलेला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या स्विचला) एखादा बल्ब उडाल्याचा भास होतो आणि इंडिकेटर घाईने लुकलुकू लागतात. प्रथम सर्व दिवे खरोखर लागतात का, हे पाहावे.

गाडीत रिले स्वतंत्र असल्यास एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक रिले बसवणे, हाच माझ्या मते सर्वांत स्वच्छ उपाय आहे. मात्र पिनांची रचना जुन्या रिलेशी जुळवूनच तो घ्यावा. लुकलुकण्याचे नियंत्रण गाडीच्या संगणकाकडे असेल, तर प्रत्येक एलईडीला समांतर 6 ओहम, 50 वॅटचा रेझिस्टर (साध्या बल्बसारखा जास्तीचा प्रवाह घेणारा रोधक) जोडावा लागतो. तो चांगलाच तापतो, म्हणून प्लास्टिक व वायरींपासून दूर, उघड्या धातूच्या पत्र्यावर स्क्रूने पक्का करावा. चिकटपट्टीवर भागवू नये.