आवाज हळू केला की डावा स्पीकर बंद: जुन्या रिसीव्हरचा माझा अनुभव
पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेला १९७०च्या दशकातला जपानी रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात). आवाज हळू केला की डावा स्पीकर गप्प, जोरात केला की परत चालू. स्पीकर अदलाबदल केले, वायरी बदलल्या, व्हॉल्यूमच्या बटणात क्लीनर मारला. जीव मेटाकुटीला आला.

दोष स्पीकर रिलेत होता, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचमध्ये. सुरू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ वाजतो तो. प्लग काढून रात्रभर ठेवला, मोठ्या कपॅसिटरवर (प्लग काढल्यावरही वीज साठवून ठेवणारा भाग) १ व्होल्टपेक्षा कमी उरल्याचं मीटरने तपासलं. मग रिलेचं झाकण काढलं. आतले ठिपके, म्हणजे जिथे धातूला धातू टेकून वीज जाते ते, काळे पडलेले. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी त्यांच्यामध्ये सरकवली, रिलेची हलणारी पत्ती बोटाने हलकेच दाबून पट्टी ओढली. काळी रेघ! पट्टी स्वच्छ येईपर्यंत तेच, शेवटी कोरडी पट्टी. पॉलिश पेपर मुळीच वापरू नका, चांदीचा मुलामा जातो.