खिळ्याचा विद्युतचुंबक करताना वेढे वाढवा, सेल नको

खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळून केलेला चुंबक टाचण्या उचलत नसेल, तर आधी तारेची टोकं बघा. या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. तो पॉलिश पेपरने खरवडला नाही तर विद्युतधारा वाहतच नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

तरीही चुंबक दुबळा वाटला तर दुसरा सेल जोडायची घाई करू नका. चुंबकत्व विद्युतधारेच्या आणि वेढ्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतं, पण उष्णता मात्र धारेच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे त्याच तारेतली धारा दुप्पट केली तर उष्णता चौपट! म्हणून १.५ व्होल्टचा एकच सेल ठेवा आणि २० ऐवजी ५०-६० वेढे द्या, सगळे एकाच दिशेने. उलटसुलट वेढे एकमेकांचा परिणाम खोडतात.

जोडणी पाच-दहा सेकंदच ठेवा. तारेचा रोध अगदी कमी असल्याने सेल जवळपास शॉर्ट होतो. तार आणि सेल दोन्ही तापतात. (वहीत हेही निरीक्षण लिहा, फुकटात दुसरा प्रयोग झाला.) घरातल्या प्लगला हे कधीच जोडायचं नाही.

सेल काढल्यावरही टाचण्या चिकटून राहिल्या तर खिळा पोलादी आहे. मऊ लोखंडाचा घ्या.